हाउंड्स, घोडे आणि गावातली मीट

कोणीतरी म्हटलंय की इंग्लंडातलं फॉक्सहंटिंग, म्हणजे हाउंड्स (शिकारी कुत्रे) सोडून घोड्यावरून केलेली कोल्ह्याची शिकार, म्हणजे श्रीमंतांनी लाल कोट घालून मिरवायचं, बस्स. मला नाही पटलं. लेस्टरशरमध्ये राहत होते तेव्हा घोड्यावर कधी बसले नाही, पण गावातल्या मीटला, म्हणजे शिकारीला निघण्याआधी सगळे जमतात तिथे, पायी जायचे आणि तिथे शेतकरी, नालबंद, पोनीवरची शाळकरी पोरं सगळीच असायची.

खरा सीझन नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चपर्यंत, त्याआधी तरुण हाउंड्सची तयारी चालते तेव्हा लाल कोट नाही, साधं ट्वीडचं जाकीट. हाउंड्स जोडीने मोजतात, म्हणजे ३५ असले तर साडेसतरा जोड्या, आणि चुकून कुत्रे म्हटलंत तर लगेच दुरुस्त करतात. पण मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. पिल्लं काही महिने आसपासच्या शेतांवर सांभाळायला देतात, तिथे ती माणसाळतात, कोंबड्या-मेंढ्यांच्या वाटेला न जायला शिकतात, मग केनेलमध्ये (हाउंड्सच्या घरात) परत आणि उन्हाळ्यात पपी शो, म्हणजे या पिल्लांचं प्रदर्शन, तिथे सांभाळणाऱ्या आजीबाईंच्या डोळ्यात पाणी आलेलं मी बघितलंय.

बाकी कोल्हा मारणं मलाही मान्य नाही. इंग्लंड-वेल्समध्ये १८ फेब्रुवारी २००५ पासून हाउंड्स सोडून कोल्ह्याची शिकार करण्यावर बंदी आली ते चांगलंच झालं. त्यानंतर आधी जमिनीवर सोडून ठेवलेल्या वासामागे हाउंड्स सोडतात, त्याला ट्रेल हंटिंग म्हणतात, पण त्याच्या आडून खरी शिकार चालते असे आरोप होतात आणि काही प्रकरणात शिक्षाही झाल्यात, ते सोडून देण्यासारखं नाहीच. २६ डिसेंबरची मीट मात्र अजून आठवते, थंडीत घोड्यांच्या अंगातून वाफ निघतेय आणि ट्रेमधून पोर्ट वाइनचे छोटे ग्लास फिरतायत.