काळीज, दस्ती, बोटी: खाटकाच्या दुकानातले शब्द

प्रश्न
परवा पहिल्यांदाच एकटी मटण आणायला गेले. दुकानदाराने विचारलं, "दस्ती देऊ की रान? थोडा सीना घालू?" मला काहीच उमगेना. "चांगलं बघून द्या" म्हटलं आणि गप्प उभी राहिले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "काळीज नाही आणलंस?" मी आजवर काळीज म्हणजे हृदय समजत होते. कुणी नीट सांगाल का?

प्रतिसाद १
ताई, काळजापासूनच सुरुवात करतो. खाटकाकडे काळीज म्हणजे यकृत. गडद तांबडं, गुळगुळीत, तव्यावर पाच मिनिटांत होतं आणि जास्त ठेवलं तर चिवट होतं. हिंदीत त्यालाच कलेजी म्हणतात. संस्कृतातही 'कालेय' म्हणजे यकृतच. आपलं काळीज धडधडतं, काळजाचा ठोका चुकतो, ते बोलण्यात. तिथे शब्द हृदयावर जाऊन बसला. दुकानात मात्र तो जुन्या जागीच आहे. हृदय हवं असेल तर 'दिल' मागा.

आता दस्ती. फारसीत दस्त म्हणजे हात, आणि आपला 'हस्त' त्याचाच भाऊबंद. म्हणून दस्ती म्हणजे बोकडाचा पुढचा पाय, खांद्यासकट. रान म्हणजे मागची मांडी; हाही फारसी शब्द, जंगलाशी त्याचा संबंध नाही. सीना छाती, गर्दन मान, गुर्दा मूत्रपिंड. गावगाड्यात बोकड कापायचं काम मुलाण्याकडे असे. हे शब्द त्या हातांबरोबर आले असावेत, असं मला वाटतं. स्वयंपाकघराने मात्र काळीज, नळी, मुंडी आपलेच ठेवले. अगदी काटेकोर वाटणी नाही. खिमा घरातही खिमाच.

रस्सा करायचा तर एकाच भागाचं घेऊ नका. दस्ती लवकर शिजते, सीन्याच्या चरबीने तर्री येते, आणि दोन नळ्या मागून घ्याच. ताटाच्या कडेवर नळी ठोकली की आतला मगज भातावर पडतो. आमच्या घरी त्यावरून अजून भांडणं होतात.

प्रतिसाद २
वरच्या यादीत वजडी राहिली. बोकडाचं पोट आणि आतडी. पोटाचा तुकडा अगदी टॉवेलसारखा दिसतो. गरम पाण्यात बुडवून वरचा काळा पापुद्रा खरवडून काढावा लागतो. आई तासभर त्यातच असायची आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

बऱ्याच ठिकाणी वजडीलाच बोटी म्हणतात, पण उर्दूत बोटी म्हणजे मांसाचा कुठलाही तुकडा. बोटी कबाबात वजडी नसते. माझ्या मामांनी लखनौला खास वजडीच्या आशेने बोटी कबाब मागवले आणि मऊ मांसाचे तुकडे बघून फार हिरमुसले.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या मालवणकडच्या. म्हणाल्या, "आमच्याकडे मटण हा शब्दच नव्हता, सागोती म्हणायचे. कोंबडीची असो की बोकडाची, सागोतीच." रविवारी दस्ती, सीना आणि दोन नळ्या. काळीज वेगळं बांधून घेणार आहे.