कोच लोकहो, डोकं रिकामं होतंय, तुम्ही काय करता?

पाण्यातला_मासा
स्विमिंग कोच आहे, अकरावं वर्ष. सकाळी दोन बॅचेस, संध्याकाळी तीन, रविवारी बहुतेक कुठेतरी मीट, म्हणजे पोहण्याच्या स्पर्धा. अंगाने ठणठणीत आहे पण डोकं चालत नाही. परवा एक मुलगी 200 फ्रीस्टाइल संपवून भिंतीला हात लावून वर बघतेय, "सर किती?" आणि मी स्टॉपवॉच थांबवलंच नव्हतं. आकडे पळतायत आणि मी नुसता बघतोय. तिला अंदाजे काहीतरी ठोकून दिलं, त्याची लाज अजून जात नाहीये.
दोन अटी आहेत. रोज वीस मिनिटांच्या वर वेळ नाही. आणि सुट्टी घे सांगू नका, मोठी मीट नऊ आठवड्यांवर आहे.

जुनी_शिट्टी
सुट्टी घे. मी 26 वर्षं फुटबॉल शिकवला, दुसरा उपाय नाही.

आकडेमोड
मनगटावरचं घड्याळ घ्या, एचआरव्ही (हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या वेळेचा चढउतार) दाखवणारं. माझं सकाळी उठल्याउठल्या सांगतं की आज शरीर किती सावरलंय. आकडा खाली असला की मी त्या दिवशी ओरडत नाही. दीड वर्षात एकही दिवस चुकलेला नाही.

हाफटाइम
त्या माणसाला हातातलं एक घड्याळ झेपेना, तुम्ही दुसरं बांधायला सांगताय 😂

मैदानी_मामा
बर्नआउट, कामाने पार थकून जाणं वगैरे हल्लीचं फॅड आहे. आम्ही पण उन्हात उभे राहिलो. आळसाला नवीन नाव.

नेटजवळ
मामा, हल्लीचं कसलं? फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये यावर लिहिलं. डिक व्हर्मील हा अमेरिकन फुटबॉलचा कोच ऑफिसातल्या सोफ्यावर झोपायचा, 1982 चा सीझन संपल्यावर थकून बाहेर पडला. 1997 ला परतला आणि जानेवारी 2000 मध्ये सुपर बोल, म्हणजे तिथली सर्वांत मोठी फायनल, जिंकला.

जुनी_शिट्टी
म्हणजे सुट्टीच ना! मी काय वेगळं सांगत होतो?

हाफटाइम
काका, ती 14 वर्षांची सुट्टी झाली. त्यांची मीट नऊ आठवड्यांवर आहे.

आकडेमोड
फुटबॉल कोच क्लॉप पण एनर्जी संपत आली म्हणून सांगून 2024 मध्ये लिव्हरपूल क्लबमधून गेला. आणि जानेवारी 2025 ला रेड बुल कंपनीत, त्यांच्या सगळ्या फुटबॉल क्लब्सचा प्रमुख म्हणून रुजू. त्यामुळे मामांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

नेटजवळ
रोज टचलाइनवर, मैदानाच्या कडेला उभं राहणं आणि ते काम एकच आहे का? जाऊ दे. आणि हा आजार आहे असंही कोणी म्हणत नाहीये, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याला कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय. सतत थकवा, कामाबद्दल मनात तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं. मासा, तुमचं पहिलं तर दिसतंयच, दुसरं सुरू झालंय का ते बघा. पोरांचा राग यायला लागला की माझ्यासाठी ती घंटा असते.
मी व्हॉलीबॉल शिकवते. दोन वर्षांपूर्वी घरी जेवताना पण डोक्यात रोटेशनच (कोर्टवर खेळाडूंच्या जागा बदलण्याचा क्रम) फिरायची. आता निघण्याआधी बाकावर बसून तीन ओळी लिहिते: आज काय राहिलं, कोणाकडे लक्ष द्यायचंय, उद्याची पहिली ड्रिल कोणती. वही किट बॅगेत, बॅग दाराजवळ. पाच मिनिटं लागतात. दुसरं, पालकांना सांगून टाकलंय की मॅचबद्दल जे बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, रात्री आठनंतर उत्तर मिळणार नाही. पहिले पंधरा दिवस दोघीतिघी रुसल्या. नंतर मेसेजच निम्मे झाले.

हाफटाइम
+1, पालकांचा ग्रुप म्युट करा. एका संध्याकाळी "माझ्या मुलाला शेवटच्या लेनमध्ये का टाकलं" असे चार मेसेज आले की रात्र गेलीच समजा. वॉर्मअप पण सीनियर पोरांकडे द्या, पाचही बॅचेसना तुम्हीच कशाला पाहिजे?

मैदानी_मामा
वॉर्मअप दुसऱ्याकडे दिला तर कोण लंगडतंय ते कळणार कसं?

हाफटाइम
पोहताना लंगडत नाहीत मामा.

मैदानी_मामा
खांदा लंगडतो. हात पाण्याबाहेर काढताना पहिल्या दोन लॅपमध्येच दिसतं. तुम्ही पूलकाठी कधी उभे राहिलात?

पाण्यातला_मासा
मामांचं हे बरोबर आहे, वॉर्मअप नाही सोडणार.

नेटजवळ
झोप उडाली असेल किंवा दोन आठवडे कशातच मन लागत नसेल तर मात्र वही वगैरे सोडा, डॉक्टरकडे जा. आणि काही दिवस पाण्यापासून लांब राहून बघा.

जुनी_शिट्टी
म्हणजे सुट्टी.

पाण्यातला_मासा
सगळ्यांना धन्यवाद. झोप लागते, राग येत नाही अजून. वही, ग्रुप सगळं पटलं, मीटनंतर बघतो. सध्या उलटंच करायचं ठरवलंय. हिशोब केला तर सहा वर्षांत मी स्वतः पोहलेलोच नाहीये, रोज काठावर उभा. दुपारी पूल रिकामा असतो. उद्यापासून वीस मिनिटं उतरणार, घड्याळ, शिट्टी सगळं ऑफिसात ठेवून.

आकडेमोड
माझं घड्याळ वॉटरप्रूफ आहे, लॅप्स आपोआप मोजतं.