संध्याकाळी सातला ढाल कुठं जाते?

राहुरीचा ड्रायव्हर:
सर्वांना सलाम. मी दुधाचा टँकर चालवतो. दारू सुटून अकरा महिने झाले होते, गेल्या महिन्यात दोनदा पुन्हा प्यायलो. रोज पहाटे साडेचारला गाडी काढायच्या आधी बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय मोठ्यानं वाचतो, त्यात देवाची शस्त्रसामग्री आहे. कमरबंद, उरस्त्राण, ढाल, शिरस्त्राण, एकेकाचं नाव घेऊन. तेव्हा वाटतं, आज सैतानाची टाप नाही जवळ यायची. संध्याकाळी सातला गाडी लावली, हातात भत्ता पडला, की स्टँडजवळच्या दुकानासमोर पाय रेंगाळतात. 'प्रभू, प्रभू' म्हणत दात-ओठ खाऊन पुढं जातो. दोनदा नाही जमलं. दुसऱ्यांदा घरी गेलो तेव्हा मुलीनं माझ्या हातातली पिशवी घेतली नाही, लांबूनच बघत राहिली.

आमच्या चर्चच्या मंडळीत सगळे सांगतात, स्वतःच्या बळावर लढू नको, देवाच्या सामर्थ्यावर विसंब. पटतं मला. पण सात वाजता, त्या दुकानासमोर, विसंबायचं म्हणजे करायचं काय?

केडगावची मावशी:
बाळा, पहाटे साडेचारपासून पोटात काय असतं तुझ्या? बायबलात बघ, कर्मेल डोंगरावर जिंकलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीला भिऊन रानात पळाला, झुडपाखाली पडून मरण मागू लागला. देवदूतानं त्याला उपदेश नाही केला. निखाऱ्यावरची भाकर नि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खाऊ घातलं. देवाचं सामर्थ्य असंही येतं. सहा वाजता दोन घास खाऊन घेत जा. तुझ्या लेकीचं नाव प्रार्थनेत धरलंय.

सोलापूरचा पाळक:
भाऊ, ते पत्र लिहिणाऱ्या पौलानं तिथं 'तू ढाल घे' असं लिहिलेलं नाही. मूळ ग्रीकमध्ये त्या सगळ्या आज्ञा अनेकवचनी आहेत, अख्ख्या मंडळीला. ढालीसाठीचा शब्दही 'दार' या शब्दावरून आलाय. लाकडाची, चामड्यानं मढवलेली, माणूस झाकणारी मोठी ढाल. रोमी शिपाई अशा ढाली एकमेकींना भिडवून भिंत उभी करत. तुम्ही मात्र स्टँडवर एकटेच उभे राहता. आणि त्याच अध्यायाचं १९वं वचन बघा: बेड्यांत असलेला पौल स्वतः म्हणतो, माझ्यासाठीही प्रार्थना करा. त्यालाही मागावं लागलं. आम्ही पाळक हे वचन फार क्वचित सांगतो, ही आमची चूक आहे.

आजचा दिवस:
दादा, मीही याच वाटेनं आलोय. दात-ओठ खाणं, तेच आपलं स्वतःचं बळ. त्यावर मी प्रत्येक वेळी हरलो. भत्ता हातात घेऊच नका. सातला नाही, साडेसहाला कुणाला तरी फोन करा, मोह यायच्या आधी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांची संघटना, तिच्या मराठीत सभा होतात, तिथं बसा. आणि ही सैतानाची लढाई आहे म्हणून डॉक्टर टाळू नका. व्यसन हा आजारही आहे. माझ्या गोळ्या नि माझी प्रार्थना यांचं कधी भांडण झालं नाही.

राहुरीचा ड्रायव्हर:
मावशी, दादा, पाळकसाहेब, काल मालकांना म्हटलं, भत्ता बायकोच्या खात्यात टाका. बोलताना घसा सुकला. साडेसहाला आमच्या पाळकांना फोन लावला. त्यांनी काही विचारलं नाही. मी स्टँड ओलांडेपर्यंत ते फोनवर बायबलातलं १२१वं स्तोत्र म्हणत राहिले, मी मागून म्हणत गेलो. लोक बघत होते. दुकान कधी मागं गेलं ते घराच्या वळणावर कळलं.

आता सव्वासहा झालेत. डबा उघडलाय.