एचआरएमएसच्या रिपोर्टमध्ये कंपाउंडच नाही, सॅम्पल पाठवताना नक्की काय बघायचं?

कोरडा_फ्लास्क:
नमस्कार मंडळी. ऑरगॅनिक सिंथेसिसमध्ये पीएचडी चालू आहे, आमच्याकडे एनएमआर (रेणूची रचना दाखवणारं मशीन) आहे पण एचआरएमएस (रेणूचा मास चार दशांशांपर्यंत मोजणारं मशीन) नाही म्हणून सॅम्पल बाहेर पाठवतो. बेंझिल लावलेल्या मिथाइल ग्लुकोसाइडच्या (एक साखर) ६ नंबरवरचा टीबीएस (झाकण म्हणून लावलेला गट) टीबीएएफ या रिएजंटने काढला, सिलिकाच्या कॉलममधून शुद्ध केलं, टीएलसीवर (शुद्धता बघायची पट्टी) यूव्हीत एकच स्पॉट, फॉर्म भरून पाठवलं. रिपोर्ट आला तर त्यात २४२.२८ ला एक भलामोठा पीक, बाकी सगळं गवत, आणि खाली शेरा की ४६५ (कंपाउंड अधिक एक प्रोटॉन, म्हणजे अपेक्षित पीक) सापडला नाही. एनएमआरमध्ये कंपाउंड व्यवस्थित आहे, फक्त १ आणि ३.३ च्या आसपास थोडं काहीतरी जास्तीचं दिसतं ते आम्ही ग्रीस वगैरे समजून सोडून दिलेलं. गाईड म्हणतायत परत पाठव आणि यावेळी जरा जास्त घाल. पेपरचं रिव्हिजन आलंय, तारीख जवळ आहे. किती घालू, कशात विरघळवू, फॉर्मवर काय लिहू, कुणी सांगेल का?

सिलिका_सम्राट:
२४२.२८ म्हणजे टेट्राब्युटाइल अमोनियम (टीबीए), टीबीएएफमधलाच पॉझिटिव्ह आयन. तुझा टीबीएएफ गेलाच नाहीये भावा. एनएमआरमधलं ते ३.३ पण त्याचंच, ग्रीस ३.३ ला येत नाही. आणि यूव्हीत तो दिसणारच नाही, त्यामुळे टीएलसीवर विश्वास ठेवू नको.

मशीनवाली_ताई:
मी मशीनवर बसते म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी गाईडना सांग की जास्त घालून काही होणार नाही, उलट बिघडेल. ईएसआयमध्ये (सॅम्पल फवारून आयन बनवायची पद्धत) ज्याच्यावर आधीच चार्ज आहे तो सगळ्यात पुढे पळतो, टेट्राब्युटाइल अमोनियमला प्रोटॉनही लागत नाही आणि सोडियमही, त्यामुळे एनएमआरमध्ये नावाला दिसणारं प्रमाणसुद्धा मासमध्ये सगळा स्पेक्ट्रम खाऊन टाकतं आणि तुझी बिचारी साखर मागे राहते. तू दुप्पट घातलंस तर तोही दुप्पट येणार. शिवाय हे क्वाटर्नरी अमोनियमवाले नळीत चिकटून बसतात, पुढच्या चार जणांच्या रिपोर्टमध्ये २४२ येतो आणि शिव्या आम्ही खातो.

आम्हाला खरं तर फार थोडं लागतं. कोरडं १-२ मिलिग्रॅम पाठवलं तरी भरपूर झालं, त्यातलं आम्ही साधारण १ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिली इतकं पातळ करून सोडतो. मिथेनॉल किंवा अॅसिटोनायट्राइल, एलसीएमएस ग्रेडचं. डीएमएसओमध्ये विरघळवून पाठवू नका, तो उडत नाही आणि सोर्समध्ये बसतो. कंपाउंड मिथेनॉलशी रिअॅक्ट होणारं असेल, अॅक्टिव्ह एस्टर, काही अल्डिहाइड वगैरे, तर फॉर्मवर तसं लिहा नाहीतर ३२ ने वाढलेला किंवा मिथाइल एस्टरचा भलताच मास बघून तुम्हीच घाबरता. कॉलममधली बारीक सिलिका कधी कधी खाली येते, ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून एकदा काढलेलं बरं.

आणि काचेचीच व्हायल वापरा बाबांनो. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये क्लोरोफॉर्म घालून ठेवलेले सॅम्पल येतात, मग ३९१.२८ चा थॅलेट (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) बघत बसायचं. ४४-४४ च्या अंतराने शिडी दिसली तर पीईजी, म्हणजे बाहेरून आलेलं पॉलिमर. नावं मार्करने नुसती काचेवर लिहू नका, सॉल्व्हंटचा हात लागला की पुसतात, लेबलवर पेन्सिलने लिहून वरून टेप मारा.

सिलिका_सम्राट:
ताई बरोबर बोलल्या. टीबीए काढायचा सोपा उपाय म्हणजे रिअॅक्शन झाली की त्यातच कॅल्शियम कार्बोनेट, डॉवेक्स ५० डब्ल्यू एक्स ८ (आयन पकडणारं रेझिन) आणि मिथेनॉल घालून तासभर फिरव, गाळ, उडव. तुझं तर आता बाटलीत आहे, तर इथाइल अॅसिटेटमध्ये घेऊन पाण्याने तीन-चारदा धू आणि मग सिलिकाच्या छोट्या प्लगमधून काढ. तरी राहिलं तर डॉवेक्स.

जेल_आणि_ट्रिप्सिन:
आम्ही प्रोटिओमिक्सवाले (प्रोटीन तपासणारे), आमची दुखणी वेगळी, पण कुणी पेप्टाइड पाठवणार असेल तर सांगून ठेवतो. फॉस्फेट बफर, मीठ, एसडीएस, ट्रायटॉन, ग्लिसरॉल यातलं काही नको. बफर हवाच तर अमोनियम बायकार्बोनेट किंवा अमोनियम अॅसिटेट, दोन्ही उडून जातात. शेवटी सी१८ झिपटिपने (पेप्टाइड धरून ठेवणारी पिपेट टिप) मीठ काढा. जेलचा बँड असेल तर कूमासीचा रंग चालतो, सिल्व्हर स्टेन असेल तर ग्लुटरअल्डिहाइडशिवायचा. आणि केराटिन (केस, कातडी, लोकर यांतलं प्रोटीन)! लोकरी स्वेटर घालून बँड कापतात आणि मग विचारतात आमचं प्रोटीन कुठंय, तर हे घ्या मेंढीचं.

कोरडा_फ्लास्क:
खूप खूप आभार सगळ्यांचे. एक शंका. ताई, फॉर्मवर मी केमड्रॉ सॉफ्टवेअरमधलं मॉलेक्युलर वेट ४६४.५६ लिहिलं आणि अपेक्षित एम प्लस एच ४६५ लिहिलं. ते बरोबर ना?

मशीनवाली_ताई:
नाही रे, आणि हेच निम्म्या फॉर्मवर असतं. मॉलेक्युलर वेट सगळ्या आयसोटोपची सरासरी असते, मशीन एकेक आयसोटोप वेगळा बघतं. तुला हवा एक्झॅक्ट मास, म्हणजे प्रत्येक मूलद्रव्याचा मुख्य आयसोटोप धरून काढलेला. सी२८ एच३२ ओ६ चा तो ४६४.२१९९ येतो. ब्रोमीनवाल्यांचं तर पूर्ण एकाने चुकतं, ब्रोमोबेंझिनचं वेट १५७.०१ पण एक्झॅक्ट मास १५५.९५७५.

दुसरं म्हणजे अशी प्रोटेक्टेड साखर बऱ्याचदा एम प्लस एच देतच नाही, तिच्यात प्रोटॉन धरून ठेवायला नायट्रोजन नाही. ती सोडियम उचलते, जो काचेतून, सॉल्व्हंटमधून कुठूनही थोडा मिळतोच. म्हणजे बघायचा ४८७.२०९१. अमोनियम असेल तर ४८२.२५३७. हिशोब करताना सोडियमच्या मासमधून इलेक्ट्रॉनचा ०.०००५५ वजा करायला विसरू नका, इथे जेमतेम १ पीपीएमचा (दहा लाखांत एक) फरक आहे पण लहान मॉलिक्यूलला तो नडतो. जर्नल साधारण ५ पीपीएमच्या आत मागतात, म्हणजे तुझ्या केसमध्ये ०.००२४ इतकीच मोकळीक.

जुना स्पेक्ट्रम ४८०-४९० मध्ये झूम करून बघ बरं.

बायफिनाइल_बाळू:
मध्येच घुसतो, माझा साधा हायड्रोकार्बन आहे, ओ नाही एन नाही, ईएसआयला दोनदा पाठवला, काहीच नाही. पैसे प्लस १८ टक्के जीएसटी गेले.

मशीनवाली_ताई:
बाळू, त्याला ईएसआय नकोच, चार्ज बसायला जागाच नाही. जीसीएमएस किंवा ईआय माग, नाहीतर एपीसीआय, या आयन बनवायच्या वेगळ्या पद्धतींची मशीनं. कुठल्या संस्थेत काय मशीन आहे ते आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं. सैफच्या (सरकारी सामायिक मशीन-सुविधा) सेंटरवरसुद्धा बुकिंगआधी मेल करून आयोनायझेशन कोणतं ते विचारून घे.

कोरडा_फ्लास्क:
ताई!! ४८७.२१०२ आहे! २४२ च्या शेजारी दिसतच नव्हता इतका छोटा, झूम केल्यावर सापडला. २.३ पीपीएम येतंय. हाच पेपरमध्ये टाकू का, परत पाठवायचा खर्च वाचेल?

मशीनवाली_ताई:
आकडा बरोबर आहे, पण सपोर्टिंगमध्ये (पेपरच्या पुरवणीत) पूर्ण स्पेक्ट्रम लावावा लागतो आणि रिव्ह्यूअरला पहिला २४२ च दिसणार. धुऊन परत पाठव. कोरडं पाठव, कुरियरवाले सॉल्व्हंट घेत नाहीत. फॉर्मवर फॉर्म्युला, एक्झॅक्ट मास, सोडियम अॅडक्ट (कंपाउंड अधिक सोडियम), मिथेनॉलमध्ये विरघळतं, आणि "आधी टीबीएएफ वापरलेला" हेही लिही. ते वाचून आमच्यासारखे लोक तुझं सॅम्पल दिवसाच्या शेवटी चालवतात.