सासऱ्यांच्या फाईलवर डॉक्टरांनी 'फ्रेल' लिहिलंय, डायलिसिस चालू असताना याचं नक्की करायचं काय?

बागायतदाराची_सून

नमस्कार मंडळी. सासरे (आम्ही सगळे अण्णाच म्हणतो) वय 69, शुगर वीस वर्षांपासून, डायलिसिसला पावणेतीन वर्षं झाली. सोम-बुध-शुक्र तासगावहून सांगलीला नेतो. आधी बरं होतं, म्हणजे डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी बागेत चक्कर मारायचे, गड्यांना दोन शिव्या घालून यायचे. यंदा ऑक्टोबर छाटणीला हौसेनं कात्री हातात घेतली आणि चार काड्या कापून ठेवून दिली, म्हणाले दाबलीच जात नाही. पंधरा दिवसांपूर्वी डायलिसिसहून आल्यावर गाडीतून उतरताना खाली बसले, फ्रॅक्चर नाही नशीब, पण तेव्हापासून बाथरूमला जायलाही आईंचा खांदा लागतो.

मागच्या बुधवारी सेंटरला नवीन डॉक्टर होते. त्यांनी हाताची घडी घालून खुर्चीवरून पाचदा उठायला लावलं, तिसऱ्यांदाच अण्णांनी गुडघ्यावर हात टेकले. मग कॉरिडॉरमध्ये मोबाईलवर सेकंद लावून चालवलं, एक हँडल दाबायला दिलं आणि फाईलवर फ्रेल लिहिलं. पुढे विचारेपर्यंत दुसरा पेशंट आला, राहिलंच.

मला कळत नाही ते हे की रिपोर्ट तर उलट सुधारलेत!! क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) 9 होतं ते आता 5.8, फॉस्फरस पण कमी आलंय, वजन दोन वर्षं 56 च आहे. पथ्य मी एकदम कडक पाळते, डाळ बंद, अंडं बंद, दूध अर्धा कप, पहिल्या डॉक्टरांनी दिलेला कागद फ्रिजवरच चिकटवलाय. मग अशक्तपणा कशाचा? आणि नातेवाईक म्हणतात झोपून राहू दे, सेंटरची सिस्टर म्हणते चालवा. ऐकायचं कुणाचं?

मशीनवाला_दादा

ताई मी डायलिसिस टेक्निशियन आहे, 11 वर्षं हेच काम. डॉक्टर नाही, पण तुमची पोस्ट वाचून तीन ठिकाणी थांबलो.

पहिलं, क्रिएटिनिन. डायलिसिसवर नसलेल्या माणसाचं क्रिएटिनिन उतरलं की आनंद, बरोबर. पण ते तयार होतं मांसातून. जो माणूस नियमित मशीनवर आहे, डायलिसिसचे तास तेच आहेत, लघवी काही वाढलेली नाही आणि तरी डायलिसिसच्या आधीचं क्रिएटिनिन 9 वरून 5.8 वर येतं, तिथे किडनी सुधारली असं सहसा नसतं, मांस झिजलेलं असतं. फॉस्फरसचंही तसंच, खाणंच कमी झालं की आपोआप उतरतो. आमच्याकडे नातेवाईक पेढे घेऊन येतात रिपोर्ट बघून आणि आम्हाला कसं सांगावं कळत नाही.

दुसरं, वजन 56 'च' आहे. मांस दोन किलो गेलं आणि त्या जागी दोन किलो पाणी साठलं तर काटा तेच दाखवणार. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर राहायला हवं ते वजन, शेवटचं कधी बदललं विचारा. पँट सैल झालीये का, पट्ट्याला नवीन भोक पाडलंय का, आणि त्याच वेळी घोट्याला सूज, आडवं झाल्यावर दम लागणं आहे का ते बघून सांगा.

तिसरं, तो फ्रिजवरचा कागद. तारीख बघा त्याच्यावर. मला दाट शंका आहे.

निवांत_काका

69 म्हणजे वय झालंच की. आठवड्यात तीनदा सुया टोचून घेतात, त्यांना आता व्यायाम काय लावताय, आराम करू द्या. आमच्या मेहुण्यांना अश्वगंधा पावडरीने चांगला फरक पडला होता, दुधातून द्यायची.

फिजिओ_नाशिक

काका, राग मानू नका पण त्या पावडरीचं आधी नेफ्रोलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरांना) विचारल्याशिवाय काहीच देऊ नका. किडनी बंद असलेल्या माणसाच्या पोटात गेलेलं बाहेर कुठून पडणार. आणि आरामाबद्दल पण बोलायचंय.

ताई, फ्रेल म्हणजे नुसता म्हातारा किंवा अशक्त असं नाही. शरीराची शिल्लक संपत आलीये असा अर्थ घ्या, म्हणजे साधा ताप आला किंवा एकदा पडला तरी माणूस पूर्वीच्या जागेवर परत येत नाही. 2001 मध्ये अमेरिकेतल्या डॉ. लिंडा फ्रीड यांच्या टीमने याच्या पाच खुणा मांडल्या, त्या आजही वापरतात. न ठरवता वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड कमी, चाल मंद आणि हालचाल कमी. तीन किंवा जास्त असल्या तर फ्रेल, एक-दोन असल्या तर उंबरठ्यावर. अण्णांची ती छाटणीची कात्री आठवा, पकड गेल्याचं घरच्या घरी कळलं होतं तुम्हाला, फक्त त्याला नाव नव्हतं.

डायलिसिसवाल्यांत हे फार आढळतं. 2007 च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात जवळपास दोन तृतीयांश पेशंट यात बसले. (तिथे पकड आणि चाल प्रत्यक्ष न मोजता प्रश्नावलीवरून ठरवलं होतं म्हणून आकडा जरा फुगलेला असणार, पण तरी.) सगळं वयामुळे असतं तर तरुण पेशंट त्यात सापडले नसते, आणि ते सापडले.

मोजायचं घरीही जमतं. खुर्चीवरून हाताची घडी घालून पाचदा उठ-बस, आशियाई लोकांसाठी 12 सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी धरतात. सहा मीटर सरळ चालायला सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंद. पोटरीचा घेर टेपने मोजा, पुरुषांना 34 सेंटीमीटरच्या खाली गेला की शंका घ्यायची, पण पाय सुजले असतील तर तो फसवतो. आणि हे सगळं डायलिसिस नसलेल्या दिवशी करा, उतरल्या-उतरल्या मोजाल तर कुणीही फ्रेलच निघेल.

व्यायामाचं म्हणाल तर जर्मनीत हजारेक डायलिसिस पेशंटवर वर्षभराचा अभ्यास झाला, 2023 ला छापून आला. मशीनवर असतानाच पायाने सायकलसारखं आणि रबर पट्टीने ताकदीचे व्यायाम दिले आणि एका मिनिटात उठ-बस किती होते ते वाढलं. इटलीत नुसतं घरी ठरवून थोडं थोडं चालायला लावलं, तरी सहा मिनिटांत कापलेलं अंतर वाढलं. तेव्हा झोपवून ठेवू नका. पण नुकते पडलेत, म्हणून डॉक्टरांनी हृदय आणि बीपी बघून हो म्हटल्यावरच चालू करा आणि सुरुवात अगदी दोन-तीन उठ-बसीपासून, शेजारी माणूस उभा. मशीनवर करायचं असेल तर पहिल्या दीड-दोन तासांत, नंतर पाणी निघालेलं असतं आणि बीपी खाली येतं. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शीर जोडलेल्या) हाताला सुया असताना तो हात अजिबात हलवायचा नाही.

सुई_नंबर_पंधरा

मी स्वतः पेशंट, वय 41, डायलिसिसला 8 वर्षं. मला पण फ्रेल म्हणाले होते 36 व्या वर्षी, तेव्हा हसलो होतो.

लोकांना एक कळत नाही, मशीनवरून उतरल्यावरचा थकवा हा वेगळाच प्रकार असतो, झोप झाली तरी जात नाही, डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. त्यात कुणी म्हटलं ना चला जरा फिरून येऊ, तर मारावंसं वाटतं. त्यामुळे अण्णांना त्या दिवशी सोडा, फक्त पडू नयेत एवढं बघा. उतरल्यावर लगेच उभं करू नका, पाय खाली सोडून पाच-दहा मिनिटं बसवा, बीपी उभं राहून परत बघायला सांगा. पाणी एकदम जास्त काढलं की हा थकवा वाढतो, म्हणून दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी कमी प्यायलं तर दुसऱ्या दिवशी अंगात काहीतरी उरतं. मीठ कमी केलं की तहान आपोआप कमी होते, लोणचं-पापड सोडवायला मला दोन वर्षं लागली पण.

आणि त्यांना विचारा काय करायचंय. मला कुणी व्यायाम कर म्हटलं की होत नव्हता, मुलीला बसस्टॉपवर सोडायला जायचं म्हटल्यावर झाला.

बागायतदाराची_सून

दादा तुमची शंका खरी निघाली. कागदावरची तारीख बघितली, डायलिसिस सुरू व्हायच्या आठ महिने आधीची. म्हणजे पावणेतीन वर्षं मी त्यांना चुकीचं पथ्य खायला घालतेय??? त्या सेंटरमध्ये एवढ्या वर्षांत एकानेही विचारलं नाही घरी काय खातात. मी रात्री झोपले नाही. पट्ट्याला दोन नवीन भोकं आहेत, आईंनीच खिळा तापवून पाडलीत, मला माहीतच नव्हतं. घोट्याला सूज आहे, बोट दाबलं की खड्डा राहतो.

मशीनवाला_दादा

स्वतःला दोष देऊ नका, दर महिन्याला एक तरी घर असं भेटतं मला. डायलिसिसच्या आधी किडनीवर भार नको म्हणून प्रोटीन कमी करायला सांगतात, पण एकदा मशीन लागलं की हिशोब उलटा होतो. प्रत्येक डायलिसिसला 6 ते 12 ग्रॅम अमिनो ॲसिड फिल्टरमधून निघून जातात, ती भरून काढावी लागतात. साधारण किलोला 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन रोज, म्हणजे अण्णांना 56 ते 67 ग्रॅम. सूज आणि खड्डा सांगताय तर उद्या फोन करूनच सेंटरला कळवा, ड्राय वेट खाली आणावं लागेल बहुतेक, पण ते हळूहळू आणतात.

आईची_लेक_सोलापूर

माझी आई चार वर्षं डायलिसिसवर होती म्हणून लिहिते. अंड्याचा पांढरा भाग सगळ्यात सोपा, एकात साडेतीन ग्रॅम प्रोटीन आणि फॉस्फरस अगदी कमी. आई माळकरी, अंड्याला हात लावायची नाही, तिला मूगडाळीचं धिरडं आणि घरचं पनीर द्यायचो, डाळ किती आणि कशी ते आहारतज्ज्ञांनी पोटॅशियम बघून ठरवून दिलं होतं. एकदम सगळं सुरू करू नका, आणि फॉस्फरसची गोळी असेल तर ती जेवणाबरोबरच घ्यायची, जेवणानंतर तासाने घेऊन उपयोग नाही. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, ते कुणी आणून दिलं तर गोड बोलून परत करा.

अजून एक, औषधांची पिशवी पूर्ण घेऊन जा डॉक्टरांकडे. किडनी बंद पडल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि त्यात खाणं कमी, मग शुगर उतरून माणूस पडतो. आईचं दोनदा तेच झालं होतं आणि आम्ही बीपीला दोष देत बसलो. डायलिसिसच्या सकाळी बीपीची गोळी द्यायची की नाही ते पण विचारा. हिमोग्लोबिन बघा. आणि अण्णा गप्प गप्प झालेत का? आई झाली होती, आम्ही वय म्हणून सोडून दिलं.

बागायतदाराची_सून

आज भेटून आलो. इन्सुलिन कमी केलं, ड्राय वेट अर्धा किलो खाली घेतलं, पुढच्या आठवड्यात परत बघणार, हिमोग्लोबिन 8.4 निघालं म्हणून इंजेक्शनचा डोस वाढवला. आहारतज्ज्ञ बाईंनी नवीन कागद दिला, रोज तीन अंड्यांचा पांढरा भाग. अण्णा पहिलं अंडं खाताना माझ्याकडे असे बघत होते की मीच त्यांच्यावर केस टाकलीये. व्यायामाला हो म्हणालेत, दोन उठ-बसीपासून. पण अण्णांना विचारलं काय करायचंय, तर म्हणाले एप्रिल छाटणीला बांधावर खुर्ची टाकून बसायचंय, शिव्या द्यायला.

फिजिओ ताई/दादा, उठ-बस करायला आमची ती प्लॅस्टिकची हातवाली खुर्ची चालेल का?

फिजिओ_नाशिक

ताईच 🙂 प्लॅस्टिकची नको, जोर दिला की मागे सरकते आणि पाय फाकतात. लाकडी किंवा लोखंडी घ्या, मागून भिंतीला टेकवा, समोर पलंगाचा कठडा धरता येईल अशी लावा. बसल्यावर गुडघे काटकोनात यायला हवेत, खुर्ची बुटकी असेल तर बसायच्या जागेवर घट्ट उशी टाका. चप्पल काढून, कोरड्या फरशीवर. बांधावर नेताना पण हीच खुर्ची न्या, तिथली जमीन भुसभुशीत असते, पायांखाली फळी टाका.