नशा ग्लासातली की डोक्यातली?
"मुलांना धोका माहीत नसतो, म्हणून शेवटचा पेपर संपला की बेताल पितात" हे मत मला फारसं पटत नाही. धोके तोंडपाठ असतात हो. पण 'प्यायलो की मोकळं बोलता येईल, रात्र लक्षात राहील' ही आशा त्यांच्यावर मात करते. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट आणि सहकाऱ्यांनी एका प्रयोगात काहींना व्होडका सांगून नुसतं टॉनिक वॉटर (बिनदारूचं कडवट पेय) दिलं, काहींना उलटं. कोण किती पितो हे ग्लासात काय आहे यावर नाही, तर आपण काय पितोय असं वाटतं यावर ठरलं.

माहिती कमी पडते ती वेगळ्याच ठिकाणी. हॉस्टेलवर निकालाच्या रात्री आमच्यातल्या एकाने पैजेवर लागोपाठ चार पेग रिचवले आणि दहा मिनिटांत "छे, चढतच नाहीये" म्हणत पाचवा भरला. (रक्तातलं प्रमाण शिगेला पोचायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो, हे आम्हा दीडशहाण्यांना कुठलं ठाऊक!) तासाभराने तो उताणा पडल्यापडल्याच ओकला. एका ज्युनियरने धावत येऊन त्याला कुशीवर वळवलं. आम्ही बाकीचे "झोपू दे, उतरेल" म्हणत पत्ते पिसत होतो.