मदत हवी आहे: डेबेझियम लावल्यापासून पोस्टग्रेस डेटाबेसची डिस्क भरत चालल्ये

मंडळी, काफ्का (मेसेजचा सतत वाहणारा प्रवाह सांभाळणारी सिस्टीम) आणि सीडीसीवर (डेटाबेसमधला प्रत्येक बदल पकडून पुढे पाठवणं, डेबेझियम हे त्याचंच टूल) काम केलेलं कोणी असेल तर जरा बघा, व्हेंडरशी रोज वाजतंय.

सेटअप असा. नाशिकहून न्हावाशेवाला जाणाऱ्या रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरचं तापमान बघायची सिस्टीम आहे. सेन्सरचं रीडिंग एमक्यूटीटीवरून (सेन्सरसाठीचा हलका मेसेजिंग प्रोटोकॉल) काफ्कात येतं, ती बाजू झकास चालू आहे. पण नुसत्या तापमानावर अलार्म देता येत नाही, कारण द्राक्षाला शून्याच्या आसपास लागतं आणि डाळिंबाला ५-६ डिग्री चालतं, म्हणजे कंटेनरमध्ये आत्ता काय माल आहे ते कळल्याशिवाय काही उपयोग नाही, आणि ती माहिती व्हेंडरच्या ईआरपीत (धंद्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), म्हणजे त्यांच्या पोस्टग्रेस १५ मध्ये. म्हणून काफ्का कनेक्टवर (काफ्काला बाहेरच्या सिस्टीम जोडणारा भाग) डेबेझियम लावलं, पोस्टग्रेसमधले बदल बाहेर देणारं पीजीआउटपुट प्लगिन, फक्त कन्साइनमेंटचं (मालाच्या खेपांचं) एक टेबल.

डेटा बरोबर येतो. पण रात्री आणि रविवारी त्यांच्या सर्व्हरवरची जागा हळूहळू संपत जाते. कनेक्टरचं स्टेटस रनिंग, लॉगमध्ये एरर नाही, लॅगही (मागे पडणं) दिसत नाही. सोमवारी त्यांच्या डीबीएने (डेटाबेस सांभाळणारा) वैतागून रेप्लिकेशन स्लॉटच (आम्ही कुठपर्यंत वाचलं याची पोस्टग्रेसमधली खूण) उडवला, जागा लगेच मोकळी झाली आणि आमच्या नशिबी परत सगळा स्नॅपशॉट (टेबल पहिल्यापासून पूर्ण वाचणं). त्याच सर्व्हरवर अकाउंट्स आणि गोदामाचे वेगळे डेटाबेस आहेत, त्यात दिवसरात्र लिखाण चालू असतं, पण त्यांना आम्ही हातही लावलेला नाही, मग आमच्यामुळे जागा कशी जाईल?

साहेब म्हणतात सोडा ते, जेडीबीसी कनेक्टर लावून दर मिनिटाला टेबल वाचा. पण पोलिंगला डिलीट झालेली ओळ दिसत नाही, आणि या ईआरपीत कन्साइनमेंट कॅन्सल झाली की ओळच उडते (कोणी डिझाइन केलंय देव जाणे). म्हणजे रिकाम्या कंटेनरवर रात्री २ वाजता अलार्म.

अजून एक, वजनाचा कॉलम काफ्कात चित्रविचित्र अक्षरांत येतोय, ते काय प्रकरण आहे?

प्रतिसाद

डीबीए बरोबर बोलतोय हो, जागा तुमच्यामुळेच जातेय. स्लॉट एका डेटाबेसचा असतो, पण वॉल (प्रत्येक बदल आधी ज्यात नोंदला जातो तो लॉग) सगळ्या सर्व्हरचा एकच. अकाउंट्सवाले लिहितात तसा वॉल वाढतो, तुमच्या टेबलात रात्री काहीच हलत नाही म्हणून डेबेझियमला पोच द्यायला काही मिळत नाही, स्लॉट जिथल्या तिथे अडकतो आणि त्याच्या पुढचा सगळा वॉल पोस्टग्रेस जपून ठेवतं. पीजी रेप्लिकेशन स्लॉट्स या व्ह्यूमध्ये रीस्टार्ट एलएसएन (वॉलमधली जागा, जिथपासून पुढचं जपून ठेवलंय) बघा, रात्रभर तोच आकडा दिसेल.

उपाय हार्टबीट, म्हणजे डेबेझियमने ठराविक वेळाने आपणहून एक ठोका देणं. नुसता इंटरव्हल देऊन भागत नाही, हार्टबीट अ‍ॅक्शन क्वेरी पण द्या, म्हणजे त्याच डेटाबेसमध्ये दर थोड्या वेळाने काहीतरी लिहिलं जाईल आणि स्लॉट पुढे सरकेल. छोटं टेबल बनवून त्यात अपडेट मारतात, ते टेबल पब्लिकेशनमध्ये (कोणत्या टेबलांचे बदल बाहेर द्यायचे ती यादी) घ्यायला विसरू नका.

वजनाचं सोपं आहे, डेसिमल हँडलिंग मोड डीफॉल्टला प्रिसाइज असतो, जेसनमध्ये ते बेस६४ (बायनरी डेटा अक्षरांत लिहायची पद्धत) होऊन येतं. स्ट्रिंग करा. डबल नको, बिलाशी जुळवताना पैशांचे घोळ होतात.

धागाकर्ता

आत्ता डोक्यात प्रकाश पडला, धन्यवाद! पण व्हेंडर टेबल बनवू देणार नाही, आम्हाला फक्त वाचायची परवानगी. रेप्लिकावरून (मूळ सर्व्हरची चालती प्रत) घ्या म्हणतात.

प्रतिसाद

रेप्लिकावरून लॉजिकल डिकोडिंग (वॉलमधून बदल वाचून काढणं) पोस्टग्रेस १६ पासून आलं, तुमचं १५ आहे, ते विसरा. टेबलाशिवाय पण होतं. १४ पासून पीजीआउटपुटमधून लॉजिकल मेसेज जातात, तर अ‍ॅक्शन क्वेरीत पीजी लॉजिकल एमिट मेसेज हे फंक्शन सिलेक्टने बोलवा. मेसेज थेट वॉलमध्ये जातो, टेबल नको की पब्लिकेशन नको.

आणि डीबीएला मॅक्स स्लॉट वॉल कीप साइज (स्लॉटसाठी जास्तीत जास्त किती वॉल जपायचा ते) लावायला सांगा, डीफॉल्टला मर्यादाच नसते. लावली की तुमचा कनेक्टर शनिवारी बंद पडला तरी त्यांची डिस्क वाचेल, फक्त मर्यादा ओलांडली की स्लॉट बाद होतो आणि तुम्हाला पुन्हा स्नॅपशॉट. कनेक्टर कायमचा काढलात तर स्लॉट हाताने ड्रॉप करा, तो आपोआप जात नाही.

धागाकर्ता

हे त्यांना पटेल असं वाटतंय. आज स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) लावून रात्रभर एलएसएन बघतो. कीप साइज साधारण किती ठेवावी, कोणी प्रॉडक्शनला वापरताय का? त्यांच्याकडे एकूण २०० जीबीची डिस्क आहे.